ताटामागचे शेत : झहीराबादच्या भरडधान्य उपाहारगृहाचा हिशेब

सोलापूरहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६५ उमरगा, हुमनाबाद मागे टाकून तेलंगणात शिरतो, तेव्हा लागणारे पहिले मोठे गाव म्हणजे झहीराबाद. महामार्गावरील धाब्यांत देशभर जे मिळते तेच येथेही मिळते : पांढरा सडीक तांदूळ, मैद्याची रोटी, कोठूनही आलेली भाजी. याच गावात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेने ‘कॅफे एथ्निक’ नावाचे उपाहारगृह सुरू केले आणि पंचक्रोशीत पिकणारी भरडधान्ये तेथील ताटात वाढली. ज्वारीची रोटी, राळ्याचा भात, भरडधान्यांचे डोसे व लाडू हे पदार्थ महामार्गाच्या ग्राहकाला विकत मिळू लागले. राळ्याला तेलुगूत कोर्रा म्हणतात. आपल्याकडे हा शब्द आता बहुधा जुन्या माणसांच्या तोंडीच उरला आहे.

उपाहारगृह ही या कामाची सुरुवात नव्हती, हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. संस्था १९८३ पासून या भागात कार्यरत आहे. गावोगावच्या स्त्रियांचे ‘संघम’ हा तिचा कणा असून त्यांतील बहुसंख्य स्त्रिया दलित, अल्पभूधारक आहेत. १९९० च्या दशकात या संघमांनी पडीक जमिनी पुन्हा लागवडीखाली आणल्या. लागवडीसाठी घेतलेली रक्कम धान्याच्या रूपाने फेडली आणि ते धान्य गावातील गरीब कुटुंबांना अल्प दरात दिले. बियाण्यांच्या गावपेढ्या उभ्या राहिल्या. दरवर्षी संक्रांतीच्या सुमारास सजविलेल्या बैलगाड्यांतून बियाण्यांची यात्रा गावोगाव निघू लागली. या कार्याला २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. ताट मांडण्यापूर्वी बी, शेत आणि घरची चूल अशी साखळी तयार होती. अनेक शहरी ‘मिलेट’ उपाहारगृहांत नेमका हाच क्रम उलटा असतो : आधी पदार्थांची यादी ठरते, मग व्यापाऱ्याकडून गोणी येते आणि ती कोठून आली हे मालकालाही सांगता येत नाही.

झहीराबादची तांबडी, उथळ, मुरमाड जमीन एका पिकाचा भरवसा देत नाही. म्हणून ज्वारीत तूर, राळ्यात तूर, सोबत मूग, उडीद, तीळ, अंबाडी अशी मिश्र पेरणी या भागात रूढ होती. काही स्त्रिया एका एकरात वीसपर्यंत पिके घेतात. राळा सुमारे तीन महिन्यांत निघतो, तूर मागे उभी राहते. हिवाळ्यात केवळ जमिनीतील ओल व दव यांवर येणाऱ्या पिकांना येथे ‘सत्यम पंटलु’, म्हणजे सत्याची पिके, असे सुंदर नाव आहे. शिवाय न पेरता उगवणाऱ्या पालेभाज्या आहेतच. तांदुळजा, घोळ, चाकवत यांना कृषिशास्त्राच्या पुस्तकात तण म्हटले असले, तरी कोरडवाहू कुटुंबाच्या कालवणात त्यांना स्थान आहे. स्थानिक ताट मांडावयाचे असेल, तर शेतात तणनाशक फवारताना या भाज्यांचाही विचार करावा लागतो. विस्तार कार्यकर्त्यांच्या शिफारशींत हा मुद्दा क्वचितच येतो.

अडचण खरी आहे ती शेत आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या टप्प्यात. ज्वारी, बाजरी व नाचणी थेट दळता येतात. राळा, सावा, कोदो यांच्यावर मात्र कठीण टरफल असते आणि ते काढल्यावाचून भात शिजत नाही. पूर्वी हे काम उखळ-मुसळाने घरातील स्त्री करीत असे. भरडधान्ये ताटातून गेली, त्यामागे रेशनच्या स्वस्त तांदळाचा वाटा आहे तसाच या कांडणाच्या कष्टांचाही आहे. यंत्र आल्यावर कष्ट वाचतात, परंतु एक क्विंटल राळ्यापासून साधारणतः ६० ते ७० किलोच तांदूळ मिळतो. टरफल निघालेला दाणा साठवणुकीत कमी टिकतो, तर बाजरीचे पीठ काही दिवसांतच खवट होते. म्हणून उपाहारगृहाने धान्य टरफलासह साठवावे आणि गरजेपुरतेच भरडावे. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी आरंभी ज्वारी-नाचणीचे पदार्थ ठेवावेत आणि भरडण्याची सोय जवळ झाल्यावरच राळ्याकडे वळावे, हे अधिक व्यवहार्य.

आता थोडे गणित. एखादे उपाहारगृह दिवसाला राळ्याच्या भाताची ६० ताटे वाढते आणि प्रत्येक ताटास ८० ग्रॅम तांदूळ लागतो, असे धरू. दिवसाचे ४.८ किलो, तर वर्षातील ३०० दिवसांचे १,४४० किलो झाले. भरडल्यावर ६५ टक्के तांदूळ मिळतो असे मानल्यास सुमारे २२ क्विंटल राळा लागेल. कोरडवाहू शेतात एकरी ४ क्विंटल उत्पादन धरले, तर हे अवघ्या साडेपाच एकरांचे पीक आहे. चार-पाच कुटुंबांपलीकडे या मागणीचा थेट लाभ पोहोचत नाही.

हा आकडा निराश करणारा वाटेल, पण तो आधीच मांडलेला बरा. एका उपाहारगृहाच्या भरवशावर गावाने शंभर एकर राळा पेरला, तर सुगीत भाव कोसळेल. शिवाय केंद्राच्या किमान आधारभूत किमतीच्या यादीत ज्वारी, बाजरी, नाचणी आहेत, राळा नाही. मोठी मागणी निर्माण होते ती सार्वजनिक वितरणातून. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने भरडधान्यांना रेशनमध्ये स्थान दिले. ओडिशाने २०१७ पासून भरडधान्य अभियानाद्वारे नाचणीची खरेदी, रेशनवरील वाटप व काही जिल्ह्यांत अंगणवाडीतील लाडू यांची सांगड घातली. उपाहारगृहाचे मोल वेगळे आहे. ज्या अन्नाला ‘गरिबाचे खाणे’ म्हणून हिणवले गेले, त्यासाठी परका प्रवासी पैसे मोजतो, हे पिकविणाऱ्या बाईला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते.

शेतकरी गट वा उत्पादक कंपनी असा उपक्रम योजत असेल, तर कृषी विज्ञान केंद्राने पेरणीपूर्वीच दोन्ही बाजूंना एकत्र बसवावे. कोणते धान्य किती लागेल, ओलावा व स्वच्छता कशी असावी, दर कधी ठरेल आणि पैसे किती दिवसांत मिळतील, हे कागदावर यावे. लहान शेतकऱ्याला चढ्या दरापेक्षा वेळेवर मिळणारे पैसे अधिक उपयोगी पडतात. पदार्थांची यादी हंगामानुसार बदलण्याची मुभा स्वयंपाकघराला असावी. पावसाळ्यात पालेभाज्या, सुगीनंतर राळा, हिवाळ्यात हुरडा आणि ओली तूर. टरफलाचा कोंडा कोण घेणार, हेही त्याच बैठकीत ठरवावे, कारण भरडणीच्या खर्चाचा काही भाग त्यातून सुटू शकतो. आणि घरच्या वर्षभराच्या धान्याची पोती बाजूला काढल्यानंतरच उरलेल्या मालाचा करार करावा.