वावराचं मोल किती?

दोस्तांनो, आधी एक कोडं. समुद्र चारशे किलोमीटर दूर. लाटा नाहीत, वाळू नाही, होड्या नाहीत. तरी विहिरीचं पाणी तोंडात घेतलं तर खारट! सांगा पाहू, असा मुलूख कुठे आहे?

हरलात? मग महाराष्ट्राचा नकाशा घ्या. शेगाव तुम्हांला माहीत असेलच. गजानन महाराजांच्या दर्शनाला तुमच्यापैकी पुष्कळजण जाऊन आले असतील. तिथून उत्तरेकडे निघालं की वाटेत पूर्णा नदी लागते. नदी ओलांडून पुढे गेलं की येतं वरवट बकाल. बुलढाणा जिल्हा, संग्रामपूर तालुका. याच तालुक्यात आणखी एक वरवट आहे, वरवट खंडेराव. म्हणून पत्ता सांगताना दुसरं नाव विसरून चालत नाही. 'बकाल' या शब्दाचा जुना अर्थ ठाऊक आहे का? धान्य-किराणा विकणारा वाणी! आज संग्रामपूर तालुक्याची बाजार समिती वरवट बकालमध्येच आहे, तेव्हा हे नाव गावाला शोभतं खरं.

मीठ आलं कुठून?

वरवट बकालहून दक्षिणेला पूर्णेकडे उतरत गेलात, तर विहिरींचं पाणी खारं होत जातं. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याकडे गेलात, तर ते गोड लागतं. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही काठांनी पसरलेल्या खाऱ्या पाण्याच्या या भागाला म्हणतात खारपाणपट्टा.

पूर्णेचं खोरं म्हणजे जणू एक मोठी परात. हजारो वर्षं नद्यांनी तिच्यात गाळ आणून टाकला. खडक झिजताना निघालेले क्षार त्याबरोबर आले. पाऊस बेताचा, ऊन कडक आणि पाण्याचा निचरा अगदी मंद. पाणी वाफ होऊन गेलं, क्षार मात्र मागेच राहिले.

या खाऱ्या पाण्यानं एकदा इतिहासही घडवला. १९३० साली गांधीजींनी दांडीला समुद्रकाठी मीठ उचललं. वऱ्हाडात समुद्र कुठून आणायचा? पण अकोला जिल्ह्यातल्या दहिहांड्याला खाऱ्या विहिरी होत्या. तिथल्या पाण्यापासून मीठ तयार करून सत्याग्रहींनी सरकारचा कायदा मोडला. समुद्राशिवाय मिठाचा सत्याग्रह!

सत्याग्रहाला जे पाणी कामी आलं, ते शेतकऱ्याला मात्र नडतं. विहिरीला भरपूर पाणी आहे, पण ते वावराला देता येत नाही. (वऱ्हाडात शेताला वावर म्हणतात, बरं का!) असं पाणी वारंवार दिलं की त्यातलं सोडियम मातीच्या कणांना चिकटतं. मग पावसाचं पाणी पडलं की काळी माती फुगते, तिची छिद्रं बुजतात आणि पाणी वरच तुंबतं. वाळल्यावर तीच माती दगडासारखी टणक! म्हणून इथला शेतकरी आभाळाकडे डोळे लावून कपाशी, तूर, सोयाबीन पेरतो आणि जमिनीतल्या ओलीवर हरभरा घेतो.

माणसांचं तर काय सांगावं! साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही. या पट्ट्यातल्या अनेक गावांत मूत्रपिंडाच्या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येनं आढळले आहेत. त्यामुळे पिण्याचं गोडं पाणी हा इथे जिवाचा प्रश्न आहे.

एक तालुका, दोन किमती

आता मुद्द्याची गोष्ट. सातपुड्याच्या पायथ्याला सोनाळ्याच्या बाजूला संत्र्याच्या बागा दिसतात. ते बागायत. पूर्णेकाठचं वावर पावसावर पिकतं. ते जिरायत, म्हणजेच कोरडवाहू. माती दोन्हीकडे काळी, तालुका एकच. पण विकायला काढलं तर बागायतीला भाव जास्त. हा फरक कशाचा? पाण्याचा!

दूरचं एक उदाहरण घेऊ. इंडोनेशियात जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर देमाक नावाचा जिल्हा आहे. तिथे मासे आणि कोळंबीच्या तळ्यांसाठी खारफुटीची झाडं तोडली गेली. त्या भागात जमिनीतलं पाणी उपसलं गेलं, जमीन खचत गेली आणि समुद्र गावांत शिरला. लोक घरातली जमीन भराव घालून उंच करतात. छत मात्र तिथेच राहतं, म्हणून काही घरांत वाकून वावरावं लागतं! कित्येक कुटुंबं गाव सोडून गेली. जमिनीचा कागद हातात आहे, पण जमीन पाण्याखाली. अशा कागदाला गिऱ्हाईक कोण? पण तिथल्या लोकांनी काही ठिकाणी बांबू आणि काटक्यांचे बांध घालून गाळ अडवला आणि त्यात पुन्हा खारफुटी रुजवायला सुरुवात केली.

देमाकचं गाव आणि पूर्णेकाठचं गाव यांचं दुखणं वेगळं, पण धडा एकच. जमिनीचं मोल नुसत्या एकरांत मोजता येत नाही. तिथलं पाणी कसं आहे आणि तिथली माणसं काय करतात, त्यावर ते ठरतं.

कागद वाचता येतो का?

समजा, एके दिवशी घरात बोलणं निघालं. काका म्हणाले, "दादा, ह्या खाऱ्या वावरात काय ठेवलंय? विकून टाकू, शेगावला प्लॉट घेऊ." बाबा गप्प. आजी डोळे पुसते. तुम्ही काय कराल? आधी सातबारा मागा!

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि बारा. सातमध्ये जमीन कुणाची ते लिहिलेलं असतं, बारामध्ये कोणतं पीक घेतलं ते. 'इतर हक्क' या रकान्यात बँकेच्या कर्जाचा बोजा दिसतो. 'पोटखराबा' म्हणजे न पिकणारा भाग. भोगवटादार वर्ग-२ लिहिलेलं असेल, तर सरकारी परवानगीशिवाय ती जमीन सहसा विकता येत नाही. गावठाणातल्या घरांचंही तसंच. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणं मोजून घरमालकांना मालमत्ता पत्रकं देण्याचं काम हाती घेतलं गेलं.

आता एक गणित. आजोबांचं वावर पाच एकर. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे, तेव्हा पाच एकर म्हणजे दोनशे गुंठे. आजोबांना दोन मुलगे, दोन मुली आणि दुसरं कुणी वारस नाही, असं धरू. प्रत्येकाच्या वाट्याला किती? पुष्कळजण पटकन "शंभर" म्हणतात. चूक! उत्तर पन्नास. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतकाच हक्क महाराष्ट्रानं १९९४ साली कायद्यात आणला आणि २००५ साली देशाच्या हिंदू वारसा कायद्यात तो आला. आत्याची सही हवी असते ती काही नुसता मान म्हणून नाही. तो तिचा हिस्सा आहे!

आणखी एक गोष्ट घरात जरूर सांगा. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन सहजासहजी विकत घेता येत नाही. शेवटचा तुकडा विकला, की शेतकरी म्हणून आपलं नाव कागदावरून जातं. पुढे पैसा आला तरी परत वावर घेणं अवघड. म्हणून विकायचंच असेल, तर शंभरदा विचार करून.

खाऱ्यातून गोडी

"पण ठेवून तरी काय करायचं?" असं काका विचारतीलच. प्रश्न बरोबर आहे. जमीन नुसती धरून बसल्यानं पोट भरत नाही. पण उपाय आहेत.

विहीर खारी असली तरी पावसाचं पाणी गोडच असतं ना! ते शेततळ्यात साठवायचं. गंमत म्हणजे खारपाणपट्ट्यातल्या चिकणमातीतून पाणी फारसं झिरपत नाही. त्यामुळे इथली शेततळी पुष्कळदा प्लॅस्टिक न अंथरताही पाणी धरतात. जो मातीचा दोष, तोच इथे गुण! पावसानं ओढ दिली की या तळ्यातल्या एक-दोन पाण्यांनी पीक वाचतं. बिघडलेल्या मातीत जिप्सम घातलं की त्यातलं कॅल्शियम सोडियमला हुसकावून लावतं. मात्र चर काढून निचऱ्याला वाट द्यावी लागते. २०१८ साली सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात या पट्ट्यातली नऊशेहून अधिक गावं घेतली गेली. पिण्यासाठी वान नदीवरच्या धरणातून संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांतल्या १४० गावांची नळयोजना आखली गेली.

तेव्हा काकांचं खोटं नाही आणि आजीचंही खोटं नाही. वावर विकायचं की ठेवायचं, हे घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवावं. आई, आजी आणि आत्यांनाही विचारून. बाजारातला भाव हा वावर आज जसं आहे, त्याचा असतो. तळं खोदलं, निचरा केला, तर ते कसं होईल, याचा हिशेब घरच्यांनाच मांडावा लागतो.

करून पाहा

दोन ताटल्या घ्या. एकीत विहिरीचं किंवा बोअरचं पाणी ओता, दुसरीत तेवढंच पावसाचं. दोन्ही उन्हात ठेवा. पाणी आटल्यावर कुठल्या ताटलीत पांढरा थर जास्त उरला ते बघा. (चाखायचं मात्र नाही हं!) मग आपला सातबारा आणून त्यातला प्रत्येक रकाना मोठ्यानं वाचा. अडलं, तर तलाठीभाऊंना बेधडक विचारा. आणि वावर नसेल तर? तुमच्या घराचा कागद आहेच की! त्यावर कुणाकुणाची नावं आहेत, आईचं आहे की नाही, ते आजच पाहा.