गाडी समजून घेताना (भाग ९) : इको मोडमध्ये पिकअप कुठे जातं?

मागच्या भागात टायरमधली हवा आणि ॲव्हरेज यांचं नातं पाहिलं. आज डॅशबोर्डवरच्या हिरव्या ‘इको’ दिव्याविषयी.

उसाच्या हंगामात फलटणहून बारामतीकडे निघालो होतो. पुढे दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, रस्ता दुपदरी. समोर मोकळं दिसलं म्हणून ओव्हरटेकसाठी एक्सलरेटर निम्मा दाबला. गाडी ऑटोमॅटिक, इको मोड चालू. ती ओढेचना. रेंगाळत ट्रॉलीच्या बरोबरीला आली, तोवर समोर टेम्पो दिसला आणि मी मुकाट्याने मागे आलो. गाडीत बिघाड काहीच नव्हता.

आजच्या गाड्यांत पेडलपासून इंजिनपर्यंत केबल जात नाही. पाय किती दाबला हे सेन्सर गाडीतल्या संगणकाला कळवतो आणि थ्रॉटल किती उघडायचा हे संगणक ठरवतो. इको मोडमध्ये पाय तेवढाच दाबला तरी थ्रॉटल कमी उघडतो. ऑटोमॅटिक गाडीत वरचा गिअर लवकर पडतो, खालचा उशिरा. बऱ्याच गाड्यांत एसीही बेताने चालतो, त्यामुळे मे महिन्यात गाडी गार व्हायला वेळ लागतो.

मग इंधन वाचतं कसं? सिरिंजचं तोंड बोटाने अर्धवट झाकून दांडा मागे ओढून पाहा, हाताला जोर लावावा लागतो. थ्रॉटल जेमतेम उघडा असताना पेट्रोल इंजिनाचे पिस्टन अशीच ओढाताण करत हवा घेतात आणि त्यात इंधन खर्ची पडतं. वरच्या गिअरमध्ये त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी होतात, थ्रॉटल जास्त उघडा राहतो, घर्षणही घटतं. दुसरी बचत ब्रेकची. सिग्नलपर्यंत सुसाट जाऊन ब्रेक मारला की इंधन जाळून मिळवलेला वेग ब्रेकच्या उष्णतेत वाया जातो. गाडी सौम्यपणे उचलली की हे कमी होतं. म्हणून इको मोडचा खरा फायदा शहरातल्या थांबत-थांबत चालणाऱ्या रहदारीत.

एक्सप्रेसवेवर एका वेगाने जाताना मात्र हवेचा विरोध भारी पडतो. तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० किलोमीटरवरून १०० वर गेलात की दीडपटीहून जास्त होतो. तिथे बटणापेक्षा वेग कमी करणंच जास्त उपयोगी.

इंजिनाची ताकद कमी होते का? पुष्कळ गाड्यांत होत नाही. पेडल पूर्ण दाबलं की गिअर खाली येतो आणि पूर्ण ताकद मिळते, फक्त तो क्षण-दोन क्षणांचा उशीर सोसावा लागतो. काही गाड्यांत, विशेषतः इलेक्ट्रिक गाड्यांत, ताकदीवर मर्यादा येते. आपल्या गाडीचं काय, ते तिच्या माहितीपुस्तिकेत पाहावं.

घाटात इको बंदच ठेवा. चढणीला गाडी वरच्या गिअरमध्ये गुदमरते, उतारावर इंजिनाचा रोध कमी पडून ब्रेक तापतात. आणि पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर घाट उतरू नका. इंजेक्शनच्या गाडीत गिअर असताना पाय उचलला की इंधन जवळपास बंद होतं. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायलाच ते लागतं.

येत्या रविवारी मोकळ्या रस्त्यावर दोन्ही मोडमध्ये पेडल निम्मं दाबून गाडी कशी उचलते ते एकदा अनुभवा. आणि दुपदरी रस्त्यावर ओव्हरटेक करायचा असेल, तर इको आधी बंद करा, मगच इंडिकेटर द्या.