वय कोणी ठरवायचं? आश्रय मागणारी मुलं आणि सोशल वर्करचा पेच

समजा, तुमच्यासमोर एक मुलगा बसलाय. अफगाणिस्तानातून एकटाच ब्रिटनला पोहोचलाय. म्हणतो, "मी १६ वर्षांचा आहे." जन्मदाखला नाही. तुम्ही सोशल वर्कर आहात आणि त्याचं वय तुम्हाला ठरवायचंय.

यात एवढं काय? तो १८ च्या आतला असेल तर १९८९ च्या चिल्ड्रन ॲक्टप्रमाणे त्याला सांभाळणं ही स्थानिक प्रशासनाची जबाबदारी. मोठा धरला, तर त्याची रवानगी अनोळखी प्रौढांमध्ये. उलटी चूक झाली, तर एक प्रौढ माणूस मुलांच्या घरात राहायला येतो. म्हणजे चूक कुठलीही होवो, किंमत एखादं मूलच मोजतं.

२००३ च्या मर्टन खटल्यात कोर्टाने सांगितलं की अगदी उघड प्रकरण सोडलं तर नुसत्या दिसण्यावरून वय ठरवू नका. त्याची हकीकत विचारा, शंका असेल तर ती त्याला सांगा, उत्तर द्यायची संधी द्या. ऐकायला छान आहे. पण ज्याने विश्वास मिळवायचा, त्यानेच उलटतपासणी करायची! शिवाय वय ठरवणारं प्रशासन तेच आणि मूल ठरलं तर खर्च करणारंही तेच. तारखा जुळल्या नाहीत म्हणजे मुलगा खोटं बोलतोय असंही नाही. तिकडे सौर हिजरी सन, इकडे इंग्रजी. (आपल्याकडे आजोबांच्या पिढीत अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जूनला असतो, ते आठवा.)

आपण सायन्सवाले लगेच म्हणू, एक्स-रे काढा की! पण काहींचं मनगट १८ च्या आधीच पक्व होतं, काहींची अक्कलदाढ विशीनंतरही अर्धवट असते. अंदाजात दोनेक वर्षांचा फरक सहज पडतो आणि वाद नेमका तेवढ्याच वर्षांचा असतो. वर, उपचाराची गरज नसताना किरणोत्सर्ग.

मला सर्वात जास्त खटकतो तो संमतीचा मुद्दा. २०२२ च्या कायद्यात तरतूद आहे की सबळ कारणाशिवाय अशा तपासणीला नकार दिला, तर ते मुलाच्या विश्वासार्हतेच्या विरोधात धरायचं. एथिक्स कमिटीच्या फॉर्मवर आपण काय लिहितो? "नकार दिल्यास कोणतेही नुकसान होणार नाही." तेच नसेल तर ती संमती कसली?

या विषयावर पीएचडी करायची असेल तर एक लक्षात ठेवा. त्या मुलासाठी तुमची मुलाखत ही आणखी एक चौकशीच असते. रेकॉर्डर सुरू करायच्या आधी, तुमच्या नोंदी कोणाच्या हाती जाणार नाहीत, हे त्याला त्याच्या भाषेत सांगा. आणि ज्याची हमी देता येत नाही, तेही सांगा.