मक्याचं खत आणि समुद्रातलं शेवाळ

नोव्हेंबर 2020 मध्ये मुंबईच्या जुहू किनाऱ्यावर आणि देवगडकडे रात्रीच्या लाटा निळ्या उजळल्या. ते व्हिडिओ आमच्या फुलंब्रीतही मोबाइलवर फिरले. समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर दूर, त्यामुळे लोकांनी पाहिलं, नवल केलं आणि ते विसरून गेले. मला मात्र ते विसरता आलं नाही.

उजेड पाडणारा तो जीव नॉक्टिल्युका. एकाच पेशीचा, तरी नुसत्या डोळ्यांना ठिपक्याएवढा दिसणारा. लाट फुटली की चमकतो. अरबी समुद्रात वाढलेल्या त्याच्या हिरव्या प्रकाराच्या पोटात सूक्ष्म शेवाळ राहतं आणि उन्हावर अन्न करून त्याला पुरवतं. शिवाय तो स्वतः डायटम गिळतो. डायटम म्हणजे काचेसारख्या कवचाची ती बारीक शेवाळं, ज्यांच्यावर समुद्रातली मासळी पोसते. नॉक्टिल्युका खाणारे मुख्यतः जेलीफिश आणि सॅल्प हे लिबलिबीत जीव. ना माशाच्या फारशा उपयोगाचे, ना कोळ्याच्या. हेल्गा गोम्स, जोआकिम गोएस आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दाखवून दिलं, की अरबी समुद्रात हिवाळ्यात डायटमची जागा याने घेतली आहे आणि प्राणवायू कमी झालेलं पाणी त्याला मानवतं.

त्याची दाटी विषारी नसते, पण पेशीत साठलेला अमोनिया आणि कुजताना संपणारा प्राणवायू माशांना मारतो. काही शेवाळं खरोखर विषारी असतात. त्यांचं विष शिंपल्यांच्या मांसात साठतं आणि शिजवूनही जात नाही. 1983 मध्ये मंगळूरजवळ असे शिंपले खाल्ल्याने एका मुलाचा जीव गेला.

अशी दाटी होते कशाने? ऊन हवं, वरचा थर तापून स्थिर राहायला हवा आणि नत्र-स्फुरद भरपूर हवं. अरबी समुद्रात हे खाद्य बहुतांशी खोल पाण्यातून वर येतं. त्याचा दोष शेतकऱ्यावर टाकणं अन्याय होईल. आणि आपलं पाणी तिकडे जातही नाही. आपली गिरिजा नदी पूर्णेला मिळते, पूर्णा येलदरी धरण ओलांडून गोदावरीला, आणि गोदावरी थेट बंगालच्या उपसागराला. आपला समुद्र पूर्वेचा आहे, हे आपल्याला शाळेत नकाशावर दाखवतात, पण वावरात उभं राहून कोणी सांगत नाही.

या वाटेने पाण्याबरोबर खतही जातं. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत सुमारे 21 किलो नत्र असतं. मातीत त्याचं नायट्रेट होतं, आणि नायट्रेट चिकणमातीला धरून राहत नाही. खत टाकलं आणि त्याच रात्री धो धो पाऊस आला, की पैसे ओढ्यात गेले. स्फुरद मातीला चिकटतं, म्हणून ते गाळाबरोबर जातं. अमेरिकेत मक्याच्या पट्ट्यातून असंच नत्र मिसिसिपीने मेक्सिकोच्या आखातात नेलं. 2017 मध्ये तिथलं प्राणवायू संपत आलेलं पाणी 22,720 चौरस किलोमीटरवर पसरलं होतं. आपल्या अख्ख्या जिल्ह्याच्या दुपटीहून जास्त! तो मका पिकवणारा शेतकरीही समुद्रापासून दूरच राहतो.

यात एक गोष्ट मला सर्वांत विचार करायला लावते. डायटमला कवचासाठी सिलिका लागते आणि ती नद्या खडकांतून आणतात. आपला काळा पाषाण झिजतो, तेव्हा त्यातली सिलिका पाण्यात उतरते. धरणात पाणी थांबलं की तिथलीच डायटमं ती वापरतात आणि मरून तळाशी बसतात. म्हणजे धरणाखाली सिलिका कमी जाते, नत्र मात्र वाढत राहतं. असा तोल बिघडला, की डायटम मागे पडतात आणि ज्यांना सिलिका लागतच नाही ती शेवाळं पुढे सरकतात.

समुद्रापर्यंत जायचीही गरज नाही. उन्हाळ्यात तलाव आटत आला, की कडेला हिरवी साय धरते. त्यात निळं-हिरवं शेवाळ असेल, तर काही जाती यकृताला घातक विष सोडतात. अमेरिकेतल्या टोलिडो शहरात ऑगस्ट 2014 मध्ये लाखो लोकांना नळाचं पाणी पिऊ नका, असं सांगावं लागलं. तिथल्या सूचनेत पाणी उकळू नका, असंही होतं, कारण उकळल्याने ते विष नष्ट होत नाही, उलट दाट होतं. आपल्याकडे ढोरं तलावाच्या अशाच हिरव्या काठावर पाणी पितात.

खत एकदम न फेकता हप्त्यांनी देणं, ठिबकातून देणं, बांध राखणं हे उपाय आपल्याला ठाऊक आहेत आणि त्यात आपलाच पैसा वाचतो. 2017 मध्ये राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना सुरू झाली, तेव्हापासून उन्हाळ्यात तलावाच्या कोरड्या पोटातून ट्रॅक्टर गाळ भरून निघतात. त्या काळ्या गाळात वरच्या शिवारांतून वाहून आलेलं स्फुरद असतं. ट्रॉली उलटली, की ते पुन्हा मक्याच्या मुळाशी येतं.