यादी आधी, कपाटे नंतर

कोणत्याही संस्थेच्या बैठकीत वस्तुसंग्रहालयाचा विषय निघाला की चर्चा प्रथम इमारतीवर जाते. जागा कोणती, दालने किती, दर्शनी भागी पुतळा कसा असावा, काचेची कपाटे कोठून आणायची, उद्घाटनास पाहुणे कोण, या सर्वांचा ऊहापोह होतो. आपल्याजवळ नेमके आहे काय आणि ते ठेवायचे कोठे, हा प्रश्न अगदी शेवटी, चहा येण्याच्या सुमारास निघतो. वास्तविक क्रम उलटा हवा. लहान संग्रहालयाने पहिला पैसा वस्तूंच्या संपूर्ण यादीसाठी आणि कोठाराच्या आराखड्यासाठी मागावा, असे आमचे मत आहे. ते का, हे येथे मांडावयाचे आहे.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात संग्रह करण्याजोगे आहे तरी काय, असे विद्यार्थी विचारतात. अंबरनाथचे शिलाहारकालीन शिवमंदिर सर्वांना ठाऊक आहे. तेथील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा. परंतु त्याची काळजी घेण्यास पुरातत्त्व खाते आहे. उल्हासनगर हे दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत वसलेले गाव. फाळणीनंतर सिंधी निर्वासित येथे आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते नगराची कोनशिला बसली. कॅम्प नंबर एक ते पाच ही नावे अजून तोंडी आहेत, पण बराकी दिसेनाशा झाल्या. अंबरनाथला आयुध निर्माणी आली, काडेपेट्यांचा विमको कारखाना चालला आणि बंदही पडला. या कारखान्यांच्या आणि रेल्वेच्या नोकरीसाठी घाटावरून, कोकणातून, विदर्भ-मराठवाड्यातून जी माणसे आली, त्यांत आपली माणसे पुष्कळ होती. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकांतून काय निघते ते पाहावे. १९५६ च्या दीक्षेनंतरचे कुटुंबाचे फोटो, ‘प्रबुद्ध भारत’चे सुटे अंक, समता सैनिक दलाची टोपी, जलशाच्या हस्तलिखित वह्या, नामांतर आंदोलनाची पत्रके, भीमगीतांच्या कॅसेट, विहाराच्या वर्गणीची पावतीपुस्तके. या वस्तूंवर कोणाचेही संरक्षित स्मारकाचे फलक लागणार नाहीत. त्या ज्याच्या घरात आहेत त्याची सून-मुले घर बदलताना काय टाकतील, यावर त्यांचे आयुष्य अवलंबून आहे.

यादी नसली, जागा नसली की काय होते, याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच घरातले आहे. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांची कागदपत्रे दिल्लीच्या २६, अलीपूर रोड या बंगल्यात होती. १९६७ च्या जानेवारीत ते घर रिकामे करून घेतले जाताना कागद अंगणात टाकले गेले आणि पावसात भिजले. त्या वेळी किती कागद होते आणि किती गेले, हे आज कोणीही सांगू शकत नाही, कारण आधीची पूर्ण यादीच नव्हती. जे वाचले ते पुढे पेट्यांत बंद होऊन ताब्याच्या वादात राहिले. महाराष्ट्र शासनाने ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर रायटिंग्ज अँड स्पीचेस’ या मालेचा पहिला खंड १९७९ साली काढला. संपादक वसंत मून यांनी पुढे पेट्यांतील कागद मिळवून, एकेक पान लावून पाहिले. तेव्हा कोठे १९८७ पासून त्यांतील अप्रकाशित लेखन खंडांतून छापून येऊ लागले. त्यातही काही प्रकरणे अपुरी, काहींच्या एकाहून अधिक प्रती, अखेरचा मसुदा कोणता याचा संभ्रम. मून यांचे आरंभीचे काम पाहिले तर ते कोठारपालाचे, यादी करणाऱ्याचे काम होते. विद्वत्ता त्यानंतर आली. आपल्या व्याख्यानांतून हे कोणी फारसे सांगत नाही.

दुसरे उदाहरण नागपूरजवळच्या चिचोलीचे. बाबासाहेबांचे सचिव नानकचंद रत्तू यांनी जपून ठेवलेल्या त्यांच्या वापरातील वस्तू वामनराव गोडबोले यांच्याकडे आल्या आणि चिचोलीच्या शांतिवनात त्यांचे संग्रहालय झाले. गोडबोले म्हणजे १९५६ च्या नागपूर दीक्षा सोहळ्याचे संयोजक. तेथे कोट आहेत, हॅट आहे, टंकलेखन यंत्र आहे. श्रद्धेने आणलेल्या वस्तू श्रद्धेने ठेवल्या गेल्या, पण कापडाला श्रद्धा कळत नाही. कसर आणि दमट हवा यांना बाबासाहेबांचा कोट व आपला कोट सारखाच. पुढे त्या कपड्यांवर तज्ज्ञांकडून रासायनिक प्रक्रिया करून घेण्याची वेळ आली. अशा प्रक्रियेला जो खर्च येतो, त्याच्या अल्पांशात सुरुवातीलाच चांगले कोठार होऊ शकते.

याउलट चांगली नोंद काय करते, ते सोपाऱ्याने दाखविले आहे. नालासोपारा आता पालघर जिल्ह्यात आहे, २०१४ पर्यंत ते आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूप उकरला. आत दगडी पेटी, तिच्यात एकात एक ठेवलेले करंडक, सोन्याची फुले, आणि भोवती आठ छोट्या धातुमूर्ती. भगवानलालांनी कोणती वस्तू कशाच्या आत, कोणत्या जागी होती, हे लिहून त्याच वर्षी प्रसिद्ध केले. हे करंडक मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत ठेवले गेले. आज सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही ते काय आहे हे आपण खात्रीने सांगू शकतो, याचे श्रेय जितके सोन्याला तितकेच त्या कागदाला आहे. नोंदीविना तीच फुले सराफाच्या तराजूत काही ग्रॅम भरली असती.

आता यादी म्हणजे काय, ते पाहू. आम्ही बँकेत नोकरी करतो. तेथे रोकड मोजून, खतावणीशी ताळा जमल्याखेरीज दिवस बंद होत नाही. पाच रुपयांचा फरक असला तरी सर्व जण थांबतात. संग्रहालयाचा व्यवहार याहून वेगळा नाही. त्याची मूळ वही म्हणजे दाखल नोंदवही. ती जाड बांधणीची असावी, पाने छापील क्रमांकाची असावीत, सुटी पाने नकोत, खाडाखोड केल्यास सही हवी. वस्तू आली की तिला एक क्रमांक द्यावयाचा, उदाहरणार्थ २०२५.१४.३, म्हणजे त्या वर्षी आलेल्या चौदाव्या देणगीतील तिसरी वस्तू. हा क्रमांक पुन्हा दुसऱ्या वस्तूला कधीही द्यावयाचा नाही, पहिली हरवली किंवा मोडली तरीही. क्रमांकापुढे वस्तूचे नाव, कशाची केलेली, लांबी-रुंदी, आजची स्थिती, कोणी दिली, कोठे वापरात होती, आणि ती आता कोणत्या खोलीत, कोणत्या रॅकच्या कोणत्या फळीवर आहे. सोबत एक फोटो, त्यात मोजपट्टी ठेवलेली.

यांपैकी दोन रकाने लोक रिकामे सोडतात आणि तेच सर्वांत मोलाचे. एक म्हणजे वस्तू कोणी कशी वापरली. ‘जुनी ढोलकी’ एवढे लिहिले तर ती ढोलकीच राहते. ‘अमुक चाळीतील जलसा मंडळाची, अमुक सालापर्यंत वाजत असे’ असे लिहिले तर ती इतिहासाचा पुरावा होते. ही माहिती सांगणारी पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. दुसरा रकाना मालकीचा. वस्तू कायमची दिली की पाहण्यापुरती ठेवली, हे सहीच्या दानपत्रावर हवे. आमच्या पाहण्यात एक संस्था आहे. तेथे देणगीदाराच्या मुलांनी वीस वर्षांनी येऊन फोटोंचा पेटारा परत मागितला आणि कार्यकारिणीकडे दाखवायला एकही कागद नव्हता. शिवाय शंभर वर्षांहून जुनी वस्तू, आणि पंचाहत्तर वर्षांहून जुने हस्तलिखित, हे १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते. त्यांतील मूर्ती, चित्रे अशा काही प्रकारांची सरकारी नोंदणी करावी लागते. जमिनीत सापडलेली वस्तू तर परस्पर उचलून विहारात ठेवण्याची नाहीच. तिची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.

क्रमांक वस्तूवर लिहिण्याची रीतही शिकून घ्यावी लागते. कागदावर मऊ पेन्सिलीने मागील बाजूस, कापडावर सुती फितीचा तुकडा सैल टाक्यांनी शिवून. बॉलपेन, चिकटपट्टी, स्टेपलरची पिन आणि लॅमिनेशन या चार गोष्टींनी जितके जुने कागद मारले तितके वाळवीनेही मारले नसतील.

कोठाराकडे वळू. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात वीस हजारांवर वस्तू आहेत, पण मांडलेल्या साधारण अडीच हजार. बाकी सर्व आत. जगातील बहुतेक संग्रहालयांची हीच स्थिती, म्हणजे संग्रहालयाचे खरे घर दालन नव्हे, कोठार होय. इक्रॉम ही रोमची आंतरराष्ट्रीय संस्था लहान संग्रहालयांच्या कोठारांसाठी एक पद्धत शिकवते. तिच्या कसोट्या इतक्या साध्या आहेत की आठवीतला मुलगाही तपासू शकेल. कोणतीही वस्तू जमिनीवर नको. हवी ती वस्तू तीन मिनिटांत सापडली पाहिजे. ती काढताना दोनपेक्षा अधिक वस्तू हलवाव्या लागू नयेत. कोठारात संग्रहाखेरीज दुसरे काही नको, म्हणजे जयंतीच्या कमानी, तुटक्या खुर्च्या, जनरेटर आणि रंगाचे डबे बाहेर. ही शेवटची अट आपल्याकडे पाळणे सर्वांत कठीण जाईल, हे आम्ही जाणून आहोत.

आपल्या भागात याहून एक मोठी गोष्ट आहे, ती पाणी. २६ जुलै २००५ रोजी उल्हास नदीने बदलापुरात आणि वालधुनीने उल्हासनगर-अंबरनाथच्या वस्त्यांत काय केले, हे सांगावयास नको. २०१९ च्या जुलैत बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती. तेव्हा कोठाराचा आराखडा करताना पहिला प्रश्न, २००५ चे पाणी या भिंतीवर कोठवर आले होते? शेजारच्या जुन्या रहिवाशास विचारले तर तो बोट ठेवून दाखवील. तळमजल्याची खोली फुकट मिळत असली तरी घेऊ नये. पत्र्याखालचा माळाही नको, तेथे उन्हाळ्यात कॅसेटची फीत वाकडी होते. पहिल्या मजल्यावरची, मधल्या भागातील, वरून संडास-मोरीचा पाइप न जाणारी खोली उत्तम. अँगलचे रॅक बाहेरच्या भिंतीपासून वीतभर दूर, खालची फळी जमिनीपासून सहा इंच वर. कपडे धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळावेत. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधले तर आतल्या आत बुरशी धरते.

आता पैसा. देणगीदार कपाटाला देतो, कारण कपाटावर नाव घालता येते. वहीवर कोणाचे नाव घालणार? खासदार-आमदार निधी टिकाऊ मालमत्तेसाठी असतो, यादीचे काम त्यात बसवणे अवघड. केंद्र सरकारच्या सांस्कृतिक मंत्रालयाची संग्रहालयांना अनुदान देणारी योजना आहे आणि तिच्यात खासगी नोंदणीकृत संस्थाही अर्ज करू शकतात. परंतु तेथे खर्चाचा काही हिस्सा संस्थेने घालावा लागतो आणि प्रस्तावात संग्रहाचा तपशील मागतात. म्हणजे यादीविना मोठे अनुदान नाही. पुण्याच्या सी-डॅकने संग्रहालयांसाठी ‘जतन’ नावाची संगणक प्रणाली केली आहे. ती वापरायचीही तर आधी भरण्याजोगी माहिती हवी. कंपनी कायदा २०१३ नुसार मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावयाचे असतात आणि त्यात कला-संस्कृतीच्या वारशाचे जतन येते. पण निव्वळ नफा पाच कोटी, उलाढाल एक हजार कोटी किंवा नक्त मालमत्ता पाचशे कोटी, यांपैकी एक तरी असलेल्या कंपनीलाच हे लागू आहे. एमआयडीसीतल्या प्रत्येक शेडपुढे अर्ज घेऊन उभे राहण्यात अर्थ नाही.

म्हणून पहिला टप्पा सभासदांच्या वर्गणीतूनच करावा लागेल आणि तो आवाक्यात आहे. समजा सहाशे वस्तू आहेत. दोघे जण मिळून मोजमाप, फोटो आणि नोंद करून दिवसाला वीस वस्तू करतील. म्हणजे तीस दिवस, रविवारीच बसायचे तर सात महिने. खर्च काय? वही, मांजरपाट, पेन्सिली, पुठ्ठ्याच्या पेट्या, रॅक, आणि मुंबईहून एखादा तज्ज्ञ दोन दिवस बोलावण्याचा प्रवासखर्च व मानधन. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संग्रहालयशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो, तेथील विद्यार्थ्यांनाही विचारता येईल. आपल्या कला शाखेच्या मुलांनी हा अभ्यासक्रम एकदा पाहावा, सर्वांनीच बी.एड. करण्याची आवश्यकता नाही.

या निधीचे खाते मात्र जयंती निधीत मिसळू नये. ठरावात ‘यादी व कोठार निधी’ असे स्पष्ट लिहून वेगळे बचत खाते उघडावे, दोन सह्यांचे. लेखापरीक्षकास तो वेगळा दाखवावा आणि प्रत्येक सर्वसाधारण सभेत जमाखर्चाबरोबर एक आकडा वाचावा: एकूण वस्तू किती, नोंद झालेल्या किती, पडताळणीत न सापडलेल्या किती. पडताळणी वर्षातून एकदा, यादी करणाऱ्याखेरीज दुसऱ्याने करावी, जशी आमच्याकडे तिजोरीची होते. कोठाराच्या किल्ल्या दोघांकडे, दोन्ही लागल्याशिवाय दार उघडू नये. नोंदवहीच्या छायाप्रती तीन ठिकाणी ठेवाव्यात. एक विहारात, एक बँकेच्या लॉकरमध्ये आणि एक अशा सभासदाकडे, ज्याचे घर २००५ च्या पाण्याच्या वर आहे.