बास्करविल : लेखणी, छिन्नी आणि खिळा

बास्करविल हा अठराव्या शतकात बर्मिंगहॅममध्ये घडलेला रोमन टाइप. रोमन अक्षरांच्या दांड्यांना टोकाशी जे बारीक फाटे असतात, त्यांना सेरिफ म्हणतात. बास्करविलचे सेरिफ दांडीपासून हलक्या वळणाने निघतात आणि टोकाला धारदार होतात. त्याआधीच्या कॅस्लन टाइपपेक्षा यात जाड आणि बारीक रेघांमधला फरक ठळक आहे, आणि गोलाईचा अक्ष जवळजवळ उभा आहे. लहान ‘जी’चा खालचा फास उघडा राहतो, मोठ्या ‘क्यू’ची शेपटी ऐटीत लांबवर जाते, या दोन अक्षरांवरून टाइप चटकन ओळखता येतो.

हे वळण जॉन बास्करविलच्या (१७०६–१७७५) हातातून आले. तरुणपणी तो सुलेखन शिकवी आणि थडग्यांच्या दगडांवर अक्षरे कोरी. पुढे रोगण चढवलेल्या वस्तूंच्या धंद्यात पैसा मिळवून १७५०च्या सुमारास तो मुद्रणाकडे वळला. त्याच्या आराखड्यांवरून जॉन हँडीने पोलादी पंच, म्हणजे खिळ्यांचे साचे बनवण्याचे ठसे, कोरले.

पण खरबरीत कागदावर अशा नाजूक रेघा उमटणे कठीण होते. म्हणून बास्करविलने साऱ्या मुद्रणातच सुधारणा केली. शाई अधिक काळी केली. छापलेले ताव तापवलेल्या तांब्याच्या पत्र्यांमध्ये दाबून गुळगुळीत केले. १७५७च्या व्हर्जिलच्या ग्रंथासाठी काही भागात कागद बनवणाऱ्या व्हॉटमनचा नवा, जाळीच्या रेषा न दिसणारा कागद वापरला. नक्षीला फाटा देऊन पानाची शोभा अक्षरे आणि मोकळ्या जागेवर सोपवली. १७६३मध्ये केंब्रिज विद्यापीठासाठी छापलेले बायबल हे या कारागिरीचे शिखर होय.

ही अक्षरे डोळ्यांना त्रास देतात, असा आक्षेप तेव्हा घेतला जाई. बेंजामिन फ्रँकलिनने एका टीकाकारापुढे बास्करविलचा म्हणून प्रत्यक्षात कॅस्लनचा नमुना ठेवला. त्या गृहस्थाला त्यातही तेच दोष दिसले. बास्करविलच्या मृत्यूनंतर त्याची पत्नी सारा हिने त्याचे पंच आणि टाइप फ्रेंच नाटककार बोमार्शे याला विकले. त्याने ऱ्हाइनकाठच्या केल येथे याच अक्षरांत व्होल्तेरचे समग्र साहित्य छापले. नंतर मागे पडलेल्या या टाइपकडे १९१७मध्ये ग्रंथांची मांडणी करणाऱ्या ब्रूस रॉजर्सने पुन्हा लक्ष वेधले. मोनोटाइप कंपनीची आवृत्ती १९२३मध्ये आली. मूळ पंच १९५३मध्ये केंब्रिजला भेट म्हणून मिळाले. झुझाना लिच्कोने १९९६मध्ये केलेल्या ‘मिसेस ईव्ह्ज’ या टाइपला साराचेच पूर्वीचे नाव आहे.

सलग वाचायच्या ग्रंथांना, विशेषतः कविता, निबंध आणि चरित्रांना, बास्करविल शोभतो. अक्षरे रुंद असल्याने तो जागा जास्त घेतो. ओळींमध्ये पुरेसे अंतर आणि भरपूर समास ठेवले तर पान खुलते. शीर्षकपानावर मोठ्या आकारात त्याची वळणे उठून दिसतात. हलक्या, शाई शोषणाऱ्या कागदावर मात्र रेघांमधला फरक बुजतो, आणि कमी स्पष्टतेच्या पडद्यावर लहान आकारात बारीक रेघा तुटतात. चांगला कागद, जपून वापरलेली शाई आणि मोकळी जागा या तीन गोष्टी त्याच्या जन्मापासूनच त्याच्या घडणीचा भाग आहेत.