रेकॉर्डवर अपघात, तरी हातात स्टिअरिंग

अमेरिकेत ट्रक ड्रायव्हरच्या नोकरीचा अर्ज भरताना एक रकाना कुणालाच टाळता येत नाही. मागच्या ३ वर्षांत झालेला प्रत्येक अपघात तिथे तारखेसह लिहावा लागतो. तो कसा झाला, त्यात कुणी दगावलं का, कुणी जखमी झालं का, हेही सांगावं लागतं. शेवटी ही सगळी माहिती खरी आणि पूर्ण असल्याचं लिहून देऊन सही करायची. हा रकाना कंपनीने आपल्या मर्जीने टाकलेला नाही, तो केंद्र सरकारच्या नियमांतच आहे. ज्याचा रकाना कोरा, त्याच्यामागे कंपन्या धावतात. ज्याला तो दोन-तीनदा भरावा लागतो, त्याच्या अर्जाला बहुतेक ठिकाणांहून उत्तरही येत नाही.

खरं तर या धंद्यात माणसांची सतत वानवा असते. अवजड ट्रक चालवणारे तिथे वीस लाखांहून अधिक आहेत. तरीही लांब पल्ल्याच्या मोठ्या कंपन्यांत नोकरी सोडणाऱ्यांचं वार्षिक प्रमाण कित्येक वर्षं ९० टक्क्यांच्या आसपास राहिलं आहे. हायवेवर धावणाऱ्या ट्रेलरच्या मागच्या दारावरच 'ड्रायव्हर पाहिजेत' असं लिहिलेलं असतं, खाली फोन नंबर असतो. त्या नंबरवर फोन केला की पहिल्या काही प्रश्नांतच अपघातांची चौकशी होते.

मग अपघात झाला की लायसन्स जातं का? नाही. अवजड वाहनांच्या व्यावसायिक लायसन्सला तिकडे सीडीएल म्हणतात. १९८६च्या कायद्याने ते आणलं आणि १ एप्रिल १९९२पासून ते सक्तीचं झालं. एका ड्रायव्हरला एकच लायसन्स आणि त्याची एकच नोंद, हा त्यामागचा विचार. त्याआधी काही जण दोन-तीन राज्यांची लायसन्स खिशात ठेवून गुन्हे वाटून टाकत. आता हे लायसन्स निलंबित होतं ते गुन्ह्यांमुळे. दारू पिऊन चालवणं किंवा अपघातानंतर पळून जाणं यासाठी पहिल्या वेळी किमान १ वर्ष आणि दुसऱ्या वेळी आयुष्यभराची अपात्रता. मर्यादेपेक्षा ताशी १५ मैल किंवा त्याहून जास्त वेग, पुढच्या गाडीला चिकटून चालवणं, बेदरकार चालवणं असे दोन गंभीर गुन्हे ३ वर्षांत सिद्ध झाले तर ६० दिवस, तीन झाले तर १२० दिवस. नुसता अपघात या यादीत नाही. तीन अपघात नावावर असलेल्या माणसाचं लायसन्स शाबूत असू शकतं. त्याला अडवतं ते त्याचं रेकॉर्ड.

हे रेकॉर्ड एका जागी नसतं, आणि बऱ्याच ड्रायव्हरांना हे नोकरी नाकारली गेल्यावरच कळतं. पहिली नोंद राज्याच्या लायसन्स खात्याकडे असते. त्यात दंड, शिक्षा आणि निलंबन येतं. दुसरी केंद्र सरकारच्या 'पीएसपी' या व्यवस्थेत. २०१०मध्ये सुरू झालेल्या या व्यवस्थेतून कंपनी ड्रायव्हरच्या संमतीने त्याचे ५ वर्षांतले अपघात आणि ३ वर्षांतल्या रस्त्यावरच्या तपासण्या पाहू शकते. तिसरी नोंद जुन्या मालकांकडे. नव्या कंपनीने मागच्या ३ वर्षांतल्या मालकांकडे चौकशी करायचीच आणि जुन्याने ३० दिवसांत उत्तर द्यायचंच, असा नियम आहे. या तिन्हींच्या बरोबरीने 'डॅक' नावाचा खासगी अहवाल चालतो. हायरराइट ही कंपनी तो ठेवते. ड्रायव्हरने नोकरी कधी धरली, कशी सोडली, मालक त्याला परत घेईल का, हे त्यात असतं.

पीएसपीच्या अहवालातली अपघाताची एक ओळ पाहिली की अडचण समजते. तारीख, राज्य, त्या वेळची कंपनी, मृत किती, जखमी किती, गाडी ओढून न्यावी लागली का, घातक माल सांडला का. संपलं. चूक कुणाची, याला तिथे जागा नाही. सिग्नलला उभ्या असलेल्या ट्रकला मागून कुणी येऊन धडकला, त्याची मोटार टोइंगने न्यावी लागली, तर ती ओळ ट्रकवाल्याच्याही नावावर चढते. आणि डुलकी लागून दुसऱ्याच्या गाडीवर चढलेल्या ड्रायव्हरची ओळही अगदी तशीच दिसते.

सरकारी व्याख्येत अपघात म्हणजे तीनच गोष्टी: कुणाचा मृत्यू, जागेवरून हलवून तातडीने उपचार द्यावे लागणारी इजा, किंवा ओढून न्यावी लागेल इतकी मोडलेली गाडी. गोदामाच्या फाटकाला ट्रेलर घासला, पार्किंगमध्ये शेजारच्या ट्रकचा आरसा फुटला, हे त्यात बसत नाही. कंपन्या मात्र तेही मोजतात.

कंपन्यांचा प्रश्न असतो की हा अपघात टाळता आला असता का. पोलिसांनी कुणाला दोषी धरलं, हा त्यांच्या लेखी वेगळा विषय. टाळण्यासाठी शक्य ते सगळं ड्रायव्हरने केलं नसेल, तर अपघात 'टाळता येण्याजोगा' ठरतो आणि नोकरी अडते ती याच शिक्क्यामुळे. यात गाडी मागे घेताना झालेल्या टकरी फार असतात. ५३ फुटांचा ट्रेलर दोन उभ्या ट्रेलरांच्या मधल्या जागेत घालायचा. ड्रायव्हर बसतो डावीकडे, गाडी वळायला लागली की उजव्या आरशात स्वतःच्याच ट्रेलरची भिंत तेवढी दिसते आणि मागचा कोपरा नजरेआड जातो. म्हणून ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट घोकून घेतात: ब्रेक लाव, खाली उतर, मागे जाऊन बघ. रात्री अकरा वाजता, पावसात, मागे चार ट्रक खोळंबलेले असताना उतरायचा कंटाळा केला, की गेल्या दोन वर्षांची स्वच्छ नोंद त्या कोपऱ्यात खरचटते.

कंपन्या इतक्या कडक का, याचं उत्तर विम्यात आणि कोर्टात आहे. राज्याबाहेर साधा माल नेणाऱ्या अवजड ट्रकला किमान साडेसात लाख डॉलरचा दायित्व विमा लागतो. विमा कंपनी मालकाला स्पष्ट सांगते की अमुक अपघातांच्या वरचा ड्रायव्हर आम्ही पॉलिसीत घेणार नाही. मालकाला माणूस पसंत असला तरी हात बांधलेले असतात. त्यात कोर्टाची भीती. धोकादायक ड्रायव्हर माहीत असून कामावर ठेवला, असा आरोप सिद्ध झाला तर भरपाई कोट्यवधींत जाते. अमेरिकेत मोठ्या ट्रकचा संबंध असलेल्या अपघातांत अलीकडच्या वर्षांत दरसाल पाच हजारांहून अधिक माणसं मेली आहेत, त्यामुळे ज्यूरीचा रागही समजण्यासारखा आहे.

वर्नर एंटरप्रायझेस या बड्या कंपनीचा खटला त्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. ३० डिसेंबर २०१४ रोजी टेक्सासमध्ये ओडेसाजवळ बर्फाळ रस्त्यावर एक पिकअप घसरली, दुभाजकाची पट्टी ओलांडून समोरून येणाऱ्या ट्रकवर आदळली. सात वर्षांचा मुलगा गेला, त्याची बहीण कायमची अपंग झाली. ट्रक स्वतःच्याच लेनमध्ये होता, पण चालवणारा शिकाऊ होता आणि अशा हवेत वेग जास्त होता, असं फिर्यादींचं म्हणणं. २०१८मध्ये ह्यूस्टनच्या ज्यूरीने सुमारे ९ कोटी डॉलरची भरपाई ठरवली. जून २०२५मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. पिकअपचा ताबा सुटून ती समोरच्या लेनमध्ये आली, हेच या अपघाताचं मूळ कारण, असं ठरवलं. कंपनी सुटली, पण टांगती तलवार डोक्यावर सात वर्षं राहिली. असा निकाल एकदा पाहिलेला मालक, ज्याच्या नावावर आधीच तीन ओळी आहेत त्याला गाडी देताना दहादा विचार करणारच.

तरीही अशा माणसांना काम मिळतं, आणि त्याचा एक ठरलेला क्रम आहे. पहिलं पाऊल अर्ज करण्याचं नाही, आपलंच रेकॉर्ड मागवण्याचं. पीएसपीचा स्वतःचा अहवाल ड्रायव्हरला १० डॉलरमध्ये मिळतो. डॅक वर्षातून एकदा फुकट मिळतो. तो वाचणं किती गरजेचं आहे हे २०१२मध्ये दिसलं. चुकीच्या नोंदी टाळण्याची पुरेशी काळजी घेतली नाही आणि लोकांच्या तक्रारींची नीट फेरतपासणी केली नाही, असे आरोप ठेवून फेडरल ट्रेड कमिशनने हायरराइट सोल्यूशन्सवर कारवाई केली आणि कंपनीने २६ लाख डॉलरचा दंड भरून प्रकरण मिटवलं. या अहवालातली नोंद चुकीची वाटली तर तक्रार करता येते आणि साधारण ३० दिवसांत तिची तपासणी करावी लागते.

जुन्या मालकाने चुकीचं कळवलं असेल तर तिथेही हक्क आहे. ड्रायव्हरने लेखी मागणी केली की मालकाने १५ दिवसांत दुरुस्ती करायची, नाहीतर आपल्याला ती मान्य नसल्याचं कळवायचं. मान्य नसेल तर ड्रायव्हर आपली बाजू लिहून देतो, आणि ती त्या नोंदीला जोडूनच पुढे पाठवावी लागते. आपल्या विरोधातल्या कागदाला आपला कागद जोडला जाणं, ही गोष्ट छोटी नाही.

चूक नसताना नाव लागलेल्यांसाठी २०२०पासून आणखी एक दार उघडलं. केंद्रीय खात्याकडे अपघात पुन्हा तपासायला पाठवता येतो. मागून धडक, उभ्या ट्रकला धडक, उलट दिशेने आलेली मोटार, रस्त्यात आलेलं जनावर, ट्रकपुढे येऊन केलेली आत्महत्या असे ठरावीक प्रकार त्यात बसतात. पोलिसांचा अहवाल जोडावा लागतो, फी नाही. अपघात टाळणं शक्य नव्हतं असं ठरलं, तर पीएसपीत त्या ओळीपुढे तसा शेरा येतो. डिसेंबर २०२४मध्ये हे प्रकार २१पर्यंत वाढवले आणि कॅमेऱ्याच्या चित्रफितीवरून उलगडणारे अपघातही घेतले. पूर्वी केबिनमधल्या कॅमेऱ्यावर चिडणारे बरेच ड्रायव्हर आता तो स्वतःच्या पैशाने बसवतात, कारण दोन मिनिटांची ती फीत त्यांची नोकरी वाचवते.

जिथे चूक खरोखर आपलीच होती, तिथे लपवाछपवीचा उपयोग नाही. चार जागी नोंद असलेली गोष्ट उघड होतेच, आणि मग अपघातापेक्षा खोटं बोलणं महागात पडतं. अनुभवी भरती अधिकारी प्रत्येक अपघातावर अर्ध्या पानाचं टिपण मागतात: काय झालं, आपण काय चुकलो, त्यानंतर चालवण्यात काय बदललं. 'समोरचा मध्ये आला' असं तीन अपघातांपुढे तीनदा लिहिणाऱ्याला कुणी घेत नाही. 'मागे घेताना उतरून पाहिलं नाही, आता दर वेळी उतरतो, रिफ्रेशर कोर्स केला, हे प्रमाणपत्र' असं लिहिणाऱ्याचं निदान ऐकून घेतात.

काम शोधायचं ते छोट्या मालकांकडे. अमेरिकेतल्या ९० टक्क्यांहून अधिक वाहतूक कंपन्यांकडे दहा किंवा त्याहून कमी ट्रक आहेत. तिथे संगणक अर्ज परस्पर बाद करत नाही. मालक स्वतः भेटतो, शेजारी बसवून गाडी चालवून बघतो. खडी-वाळूचे डंपर, सुगीतली धान्याची वाहतूक, रोज घरी परतायची गावातली फेरी, गोदामाच्या आवारातच ट्रेलर इकडून तिकडे लावण्याचं काम, यांतून पुन्हा सुरुवात होते. पैसा कमी, रात्रपाळी जास्त. पण अर्जातला रकाना ३ वर्षांचाच असतो आणि ती वर्षं शांतपणे काढली की तो हळूहळू रिकामा होतो.

एका दारापासून मात्र जपून राहायला हवं. पगारी नोकरी मिळत नाही त्याला 'आमचा ट्रक भाड्याने चालवा, हप्ते फेडा, शेवटी ट्रक तुमचा' अशी योजना समोर येते. डिझेल, दुरुस्ती, विमा, हप्ता कापून आठवड्याच्या शेवटी हातात फारसं उरत नाही, आणि ट्रक नावावर होण्याआधीच माणूस बाहेर पडतो. सरकारने नेमलेल्या गटाने जानेवारी २०२५च्या अहवालात अशा योजनांवर बंदीच घालावी, अशी शिफारस केली.

हे सगळं महाराष्ट्रातल्या वाचकाने का वाचावं? कारण आपल्याकडे अशी नोंद आता आकार घेते आहे. आजवर कळंबोलीच्या स्टील मार्केटपासून निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीपर्यंत ड्रायव्हर ठेवला जातो तो ओळखीवर. लायसन्स बघायचं, कुणीतरी शब्द टाकायचा, की चावी हातात. त्यामुळे वारंवार ठोकणारा दुसऱ्या गावच्या मालकाकडे सहज खपतो, आणि एका अपघातात विनाकारण नाव खराब झालेल्याला सफाई द्यायला जागाच नसते. आपल्याकडे २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. अशा देशात ड्रायव्हरची विश्वासार्ह नोंद हवी, याबद्दल दुमत असू नये.

आयआयटी मद्रास आणि एनआयसी यांनी उभारलेली रस्ते अपघातांची एकत्रित माहितीव्यवस्था सुरुवातीला ज्या सहा राज्यांत राबवली गेली, त्यांत महाराष्ट्र होता. पोलिस आता जागेवरूनच मोबाइलवर नोंद करतात. या माहितीचा उपयोग उद्या नोकरी देताना होणारच नाही, असं समजण्याचं कारण नाही. ड्रायव्हरांच्या मनातली भीती जानेवारी २०२४मध्ये सगळ्यांनी पाहिली. अपघातानंतर न कळवता निघून जाणाऱ्याला १० वर्षांपर्यंत शिक्षा सांगणाऱ्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२)विरोधात देशभर चाकं थांबली, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि सरकारला ते उपकलम लागू करणं पुढे ढकलावं लागलं. थांबलो तर जमाव मारेल आणि निघालो तर तुरुंग, असं ते ड्रायव्हर सांगत होते.

म्हणूनच परिवहन खात्याने, विमा कंपन्यांनी आणि ट्रकमालकांच्या संघटनांनी नोंदीचे नियम आताच ठरवावेत. ड्रायव्हरला स्वतःची नोंद मराठीत आणि कमी खर्चात पाहता यावी. चूक असेल तर दुरुस्तीची मुदत ठरलेली असावी, त्याची बाजू नोंदीला जोडली जावी आणि ठरावीक वर्षांनी जुनी ओळ गळून पडावी. आणि ज्यांच्याकडे दोन-चार गाड्या आहेत अशा मालकांनी पुढचा ड्रायव्हर ठेवताना त्याला अपघात किती झाले एवढंच विचारून थांबू नये. ते कसे झाले, हेही विचारावं.